कोरी नळी

तळघरात खिडकी नाही.
तुर्कूत नोव्हेंबर असला की खिडकी असून तरी काय करायचंय.
सकाळी साडेसातला मी दिवा लावते,
मग लेझर: निळा, लाल,
आणि तो लहरी जांभळा,
ज्याला तापायला अर्धा तास लागतो
आणि मला दोन कप कॉफी.

टाकाऊ पाण्याची बाटली रिकामी. ब्लीच. दाब बरोबर.
मग मणी सोडते, डोळ्यांना न दिसणारे, ठरावीक उजेडाचे,
कालचा ठिपका आज त्याच जागी पडतो का ते बघायला.
चोवीस वर्षं पडतो आहे.
साधारण.

माझं काम विचाराल तर, निवडणं.
सुपात तांदूळ घेऊन खडा काढावा तसं,
फक्त तांदूळ सेकंदाला वीस हजार,
एकामागे एक, केसाएवढ्या धारेतून,
आणि उजेडासमोरून प्रत्येकाला जावंच लागतं.
धार तुटते, थेंब होतात.
ज्या थेंबात हवी ती पेशी
त्याला विजेचा हलका स्पर्श, की तो वळतो डाव्या नळीत.
बाकीचे सरळ खाली,
ब्लीचमध्ये.

हवी ती म्हणजे कुठली, हे मी ठरवत नाही.
पडद्यावर ठिपक्यांचा ढग उठतो,
त्याभोवती कुंपण आखायचं ते ज्याचा प्रश्न त्यानं.
हेन्रिकाचं कुंपण ऐसपैस, पाहुण्यांसकट सगळे आत.
डॉक्टर लिंडरूसचं इतकं आवळलेलं
की श्वास घ्यायला उरतात चार पेशी.
मी एवढंच विचारते, कडेवरचे कुणाचे?
बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

हिरव्याचा उजेड पिवळ्याच्या खिडकीत सांडतो.
तो मोजून वजा करायचा,
नाहीतर नाही ते दिसायला लागतं.
आणि मुळात अंधार किती आहे हे कळायला
लागते एक नळी, रंगच न लावलेली.
दारावर तीन भाषांत लिहून ठेवलंय.
तरी दर आठवड्याला कुणीतरी विसरतंच.
"तिच्यात काही नाहीये हो," म्हणतात,
"तिच्यापायी पेशी कशाला वाया?"

एका फेब्रुवारीत, रात्री दीडला,
विल्याची धार वाकडी झाली.
पडदा म्हणत होता सगळं ठीक.
मला मात्र खरखर ऐकू आली,
रवा चाळताना मध्येच खडा लागावा तशी.
थांबवलं. टोक काढलं, चिमट्यात धरून धुतलं, पुन्हा धुतलं.
ती बर्फाच्या डब्याला टेकून फरशीवर बसलेली,
अठरा महिने जपलेले उंदीर
त्या एका नळीत.

पहाटे साडेचारला चारशे बारा पेशी.
दिसायला म्हणाल तर काही नाही, तळाशी जरा ओल.
ती ओल तिनं दोन्ही हातांत धरून नेली
बर्फावरून, पुलापलीकडे.

तिला डॉक्टरची काळी टोपी मिळाली तेव्हा
मी तिसऱ्या रांगेत होते.
प्रबंधात आभार होते: विभागप्रमुख, आजोबा, कुत्रा,
"आणि केंद्रातील कर्मचारी".
मी पान नीट मिटलं.
राग? आला थोडा, खोटं कशाला बोलू.
रात्रीच्या दरानं बिल मात्र
मी दुसऱ्याच दिवशी पाठवलं होतं.

आज शेवटचा शुक्रवार.
एलिएलला किल्ल्या दिल्या, पासवर्ड दिले,
कुठला पंप कधी रुसतो ती वही दिली.
कुंपणं आता प्रोग्रॅमच आखतो, चांगली आखतो.
पण ती खरखर कशात बांधून देऊ?
म्हटलं, झाकणावर तळवा ठेव.
त्यानं ठेवला, माझं मन राखायला.
"काय वाटतं?"
"कोमट आहे," तो म्हणाला.
ठीक आहे. मलाही सहा वर्षं कोमटच लागत होतं.

निघताना सोमवारचं पान उघडून पाहिलं, सवयीनं.
नऊ वाजता विल्याच्या गटातलं कुणी, नाव नवं.
शेऱ्यात लिहिलंय: नळ्या बारा,
कोरी धरून.

एकेक बंद केलं.
जांभळा आधी.
त्याला थंड व्हायलाही वेळ लागतो.